पदवीनंतर बीडीएस : आपला नंबर लागेल का, हे आधी कागदावर काढा



आपल्या चॅनलवर नेहमी दुकान, भांडवल, जीएसटी, उधारी असले विषय असतात. आज बीडीएस कसं काय, असं तुम्हाला वाटेल. पण या आठवड्याच्या व्हिडिओखाली जे सविस्तर लिहितो म्हणालो होतो, ते हेच. कारण हाही शेवटी धंद्याचाच निर्णय आहे. सहा वर्षं आणि घरातली पुंजी लावायची का, हा प्रश्न दुकान टाकण्यापेक्षा लहान नाही.

मनीषनगरात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. जून-जुलैत इथे ॲडमिशनच्या कागदांची रांग असते. अशाच एका दिवशी एक काकाजी आणि त्यांची मुलगी आले. बारावीची मार्कशीट, बीएस्सीची डिग्री, डोमिसाइल, सगळ्याच्या तीन-तीन कॉप्या. मुलगी २३ वर्षांची, प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली, एका दातांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट. महिना १२ हजार. क्लिनिक कसं चालतं ते रोज डोळ्यांनी बघते आणि स्वतःचं क्लिनिक टाकायचं तिच्या मनात आहे. स्वप्न चांगलंच आहे.

काकाजी म्हणाले, "सर, एक जण भेटला. ग्रॅज्युएट कोट्यातून सीट करून देतो म्हणतो. ५० हजार टोकन मागून राहिला."

मी मुलीला विचारलं, "ताई, यंदा नीट दिली का?"

"नाही सर. तो म्हणाला, ग्रॅज्युएटला लागत नाही."

मी झेरॉक्स थांबवली. म्हटलं, काकाजी, रुपयाही देऊ नका. आधी एक कागद घ्या, हिशेब मांडू. तोच हिशेब आज तुमच्यासाठी लिहितोय.

ग्रॅज्युएट कोटा नावाची गोष्ट नाही

ही गल्लत होते कुठून? परदेशातून. अमेरिकेत दंतवैद्यकाचं शिक्षण साधारणपणे कॉलेजची पदवी घेतल्यावरच सुरू होतं आणि त्यासाठी डीएटी नावाची वेगळी परीक्षा असते. इंग्लंडमध्ये काही विद्यापीठांत पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा कोर्स आहे. नातेवाइकांकडून, यूट्यूबवरून हे कानावर येतं आणि आपल्याला वाटतं, इथेही असेल.

आपल्याकडे तसं नाही. भारतात बीडीएसला एकच दार आहे, नीट-यूजी. बारावी झालेली १७ वर्षांची पोरगी आणि बीएस्सी झालेली २३ वर्षांची ताई एकाच रांगेत उभ्या राहतात. बीएस्सीच्या मार्कांना वेटेज शून्य. पदवी आहे म्हणून कोर्सचं एक वर्षही कमी होत नाही. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, सगळ्यांना सारखंच.

पण दुसरी बाजूही बघा. पदवी झाली म्हणून कोणी अडवतही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, वरच्या वयाची मर्यादा आता नाही. किती वेळा परीक्षा द्यायची यालाही मर्यादा नाही. म्हणजे "वय निघून गेलं" हे कारण नियमात नाही. असलंच तर ते तुमच्या हिशेबात असेल, तिकडे पुढे येतो.

पायरी १ : दार आपल्यासाठी उघडं आहे का?

बाकी सगळं सोडा, आधी बारावीची मार्कशीट काढा. डिग्री नाही, बारावीची.

- भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी, हे विषय पास आहेत का?
- भौतिक, रसायन, जीव या तिघांची बेरीज करा. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०. एससी, एसटी, ओबीसी यांना ४० टक्के, म्हणजे १२०.
- महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, आणि डोमिसाइल हवं. काही अपवाद आहेत, ते सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.

बीएस्सीला ७५ टक्के आहेत पण बारावीच्या तीन विषयांत ४६ टक्के आहेत, असा खुल्या प्रवर्गातला उमेदवार इथेच थांबतो. डिग्री ती कमतरता भरून काढत नाही.

मी स्वतः बारावी कॉमर्स आणि नंतर बीबीए. माझ्यासारख्याला हे दार बंद आहे. बारावी विज्ञान नव्याने केल्याशिवाय ते उघडत नाही. ज्यांनी बारावीला गणित घेतलं होतं, जीवशास्त्र नव्हतं, त्यांच्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जीवशास्त्र नंतर अतिरिक्त विषय म्हणून पास होण्याचा मार्ग मान्य केला. तुमचं तसं असेल तर त्या वर्षीच्या नीटच्या माहितीपत्रकातलं पात्रतेचं पान शब्दन् शब्द वाचा. कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

ताईचे बारावीचे तीन विषय मिळून १७१ होते. दार उघडं होतं.

पायरी २ : मार्क विचारू नका, रँक विचारा

"सर, बीडीएसला किती मार्क लागतात?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. प्रश्नच चुकीचा आहे.

नीट ७२० मार्कांची. १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला वजा एक. पण पेपर दरवर्षी वेगळा. २०२४ मध्ये सुधारित निकालातही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. आता २०२४ चे मार्क डोक्यात ठेवून कोणी २०२५ चा अंदाज बांधला असेल तर काय झालं असेल? ६५० मार्कांना एका वर्षी हजारो मुलं पुढे असतात, दुसऱ्या वर्षी तोच आकडा देशातल्या वरच्या मोजक्या मुलांत नेतो.

बाजारभावासारखंच आहे हे. गेल्या वर्षीच्या भावाने यंदा माल भरला तर बसलात. रँक मात्र सांगते की तुमच्या पुढे किती जण आहेत, आणि सीट त्यावरच मिळते.

रँक कुठे बघायची? महाराष्ट्रातली प्रवेशप्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे आपला सीईटी सेल राबवतो. प्रत्येक फेरीची निवड यादी पीडीएफमध्ये जाहीर होते. त्यात उमेदवाराची रँक, प्रवर्ग आणि मिळालेलं कॉलेज असतं. गेल्या दोन वर्षांच्या याद्या काढा. तुम्हाला हवं ते कॉलेज शोधा आणि तुमच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या रँकला झाला ते लिहा. पहिल्या फेरीचं वेगळं, शेवटच्या फेरीचं वेगळं.

आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. माझ्या प्रवर्गाचा आकडा तुमच्या कामाचा नाही, आणि मुलींच्या, दिव्यांगांच्या राखीव जागांनी तो आणखी बदलतो. तुमचा आकडा तुम्हीच शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक गोष्ट आपल्या विदर्भाची. पूर्वी राज्यात ७०-३० चा प्रादेशिक कोटा होता. विदर्भातल्या मुलांना विदर्भातल्या जागांत प्राधान्य मिळायचं. तो २०२० मध्ये रद्द झाला. घरातले मोठे अजूनही "आपल्याकडे कमी मार्कांत होते" असं म्हणतात, तो जुना हिशेब आहे. आता नागपूरच्या जागेसाठी पुण्या-लातूरची मुलंही त्याच यादीत आहेत.

पायरी ३ : "पास" आणि "परवडणारी सीट" हे दोन वेगळे चान्स

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

नीट पात्र होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे. त्यामुळे हा आकडा मार्कांत फार लहान दिसतो. खुल्या प्रवर्गासाठी २०२३ मध्ये तो १३७ होता, २०२४ मध्ये १६२, २०२५ मध्ये १४४. तेही ७२० पैकी.

२०२५ ला सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. देशात बीडीएसच्या जागा साधारण २७-२८ हजार. एमबीबीएसच्या लाखाच्या वर आहेत, आणि बहुतेक मुलं आधी तिकडे जातात.

म्हणजे पात्र होणं हे फक्त रांगेत उभं राहायचं कूपन आहे. पण गंमत अशी, की इतकी मुलं पात्र होऊनही बीडीएसच्या जागा रिकाम्या राहतात. २०२०-२१ च्या प्रवेशात देशभर सुमारे सात हजार जागा रिकाम्या होत्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या वर्षापुरते बीडीएससाठी पर्सेंटाइल दहाने खाली आणायला सांगितलं.

रिकाम्या का राहतात? रिकाम्या राहतात त्या मुख्यतः खाजगी. फी जास्त आणि मुलांची पहिली पसंती दुसरीकडे. सरकारी जागांचं चित्र अगदी उलटं आहे.

म्हणून कागदावर दोन रकाने करा.

रकाना अ : सरकारी सीट. राज्यात शासकीय दंत महाविद्यालयं बोटावर मोजण्याइतकी. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि आपल्या नागपुरात मेडिकलच्या आवारातलं. मुंबईत महापालिकेचं नायर आहे. फी कमी, स्पर्धा तीव्र. सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, त्याचं समुपदेशन दिल्लीची एमसीसी करते.

रकाना ब : खाजगी सीट. नागपूरकरांना जवळची दोन हिंगणा रोडला, एक डिगडोहला आणि एक वानाडोंगरीला. मनीषनगरहून घरून येणं-जाणं होतं, म्हणजे होस्टेलचा खर्च वाचतो. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला आहे ते अभिमत विद्यापीठाचं. तिथले प्रवेश सीईटी सेलकडून नाही, एमसीसीकडून होतात, आणि फीचा हिशेबही वेगळा असतो.

आता प्रत्येक रकान्यात "माझी रँक इथे बसते का?" हे लिहा. "हो", "काठावर" किंवा "नाही". बहुतेक पदवीधरांचं उत्तर असं येतं : अ मध्ये "नाही" किंवा "काठावर", ब मध्ये "हो, पण पैसे?" खरा निर्णय तिथे सुरू होतो.

पायरी ४ : आज तुम्ही कुठे आहात?

रँकचा अंदाज मनाने काढू नका. गेल्या वर्षीचा खरा पेपर घ्या. दुपारी दोन ते पाच, मोबाइल दुसऱ्या खोलीत, ओएमआर शीटची झेरॉक्स समोर. सरावाशिवाय द्या. मार्क लाजिरवाणे आले तरी चालतील, कोणाला दाखवायचे नाहीत.

ताईने दिला. तिचा निकाल तिच्या परवानगीने सांगतो :

- जीवशास्त्र : ६६ बरोबर, १५ चूक. २४९ मार्क.
- रसायन : २५ बरोबर, १२ चूक. ८८ मार्क.
- भौतिक : १४ बरोबर, १६ चूक. ४० मार्क.
- एकूण ३७७.

यातून काय दिसतं? बीएस्सीचा फायदा जीवशास्त्रात झाला, पण अर्धा पेपर भौतिक आणि रसायनाचा आहे, ३६० मार्कांचा. तिने पाच वर्षांत भौतिकाचं पुस्तक उघडलं नव्हतं. जीवशास्त्रात आणखी १११ मार्क शिल्लक आहेत, भौतिक-रसायनात २३२. पण तिचा अभ्यासाचा प्लॅन काय होता? "रोज चार तास बायो, ते आवडतं." दुकानात जो माल आधीच चालतो तोच पुन्हा भरायचा आणि रिकाम्या रॅककडे बघायचंच नाही, असं झालं हे.

दुसरं, ४३ चुकीच्या उत्तरांचे ४३ मार्क थेट गेले. तुक्क्याचा हिशेबही करून बघा. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर चारांपैकी एकदा चार मार्क मिळतात, तीनदा एकेक जातो. चार प्रश्नांमागे एक मार्क. ४५ प्रश्न तुक्क्याने सोडवले तर सरासरी ११ मार्क. त्यावर डॉक्टर होता येत नाही.

आणि हो, जुनी पुस्तकं वापरू नका. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमात बदल झाला आहे. नवा अभ्यासक्रम डाउनलोड करा. पेपर मराठीतही मिळतो, पण मराठी माध्यम निवडायचं असेल तर सरावही त्याच शब्दांत करा.

एक महिना अभ्यास करून दुसरा पेपर, दोन महिन्यांनी तिसरा. तीन आकडे झाले की वेग कळतो. २५-३० मार्कांनी वर जाताय की तिथेच फिरताय, हे तीन पेपर सांगतात. क्लासवाल्याला विचारायची गरज नाही.

पायरी ५ : वर्षं आणि पैसे

आता आपला नेहमीचा भाग. ताईच्या कागदावर हे लिहिलं :

तयारीचं एक वर्ष अधिक कोर्सची पाच, म्हणजे सहा वर्षं. ७२ महिने. आजचा पगार १२ हजार. नोकरी सोडली तर बुडणारी कमाई ८ लाख ६४ हजार. हा खर्च कोणी धरतच नाही, कारण तो खिशातून जात नाही. पण तो आहे.

मग फी. खाजगी कॉलेजची मान्य फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय असते. एजंटच्या तोंडचा आकडा घेऊ नका. समजा वर्षाला ३ लाख धरले, चार वर्षांचे १२ लाख. पुस्तकं, इन्स्ट्रुमेंट, परीक्षा फी वेगळी.

सवलती बघा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. आधी एक पदवी झाली आहे, मध्ये खंड पडला आहे, अशा वेळी योजनेच्या अटी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून तपासूनच फी शून्य धरा. सवलतीच्या भरवशावर बजेट बांधून नंतर फी भरायची वेळ आली, तर घर हलतं.

शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर हप्ता साधारण कोर्स संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतो, पण व्याज आधीपासून वाढत असतं.

आणि डिग्रीपाशी खर्च संपत नाही. राज्य दंत परिषदेत नोंदणी, मग खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे मशीन, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, गाळ्याचं भाडं. मनीषनगर-बेसा पट्ट्यात आज दर चार-पाच बिल्डिंगमागे डेंटल क्लिनिकची पाटी दिसते. तुम्ही ३० व्या वर्षी पाटी लावाल तेव्हा तीही स्पर्धा असेल.

पायरी ६ : थांबायची रेषा आधीच आखा

दुकान टाकताना मी सांगतो ना, की किती महिने तोटा सहन करणार हे पहिल्या दिवशी लिहा. इथेही तेच. तोटा सुरू झाल्यावर माणूस "अजून एक वर्ष" म्हणतो. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणूनच ती मर्यादा तुम्हाला घालावी लागते.

तीन वाक्यं लिहा आणि घरच्यांसमोर वाचा :
१. मी किती प्रयत्न देणार.
२. कोणत्या तारखेपर्यंत सरावात किती मार्क आले नाहीत तर थांबणार.
३. थांबलो तर दुसऱ्या दिवशी काय करणार.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दातांच्या क्षेत्रात राहायचं तर बीडीएस हा एकच रस्ता नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातच डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा वेगळ्या नोंदी होत्या, त्यांचे दोन वर्षांचे कोर्स असतात. कॅप, ब्रिज, कवळ्या बनवणारी लॅब, साहित्याचा पुरवठा, चार-पाच क्लिनिकचं अपॉइंटमेंट आणि हिशेबाचं काम, हे सगळे धंदे आहेत. फक्त एक रेषा ओलांडायची नाही : नोंदणी नसताना रुग्णाच्या तोंडात हात घालायचा नाही. तो गुन्हा आहे.

ताईचं काय झालं?

टोकन दिलं नाही, हे पहिलं. त्या माणसाला काकाजींनी "कोट्याचा जीआर दाखवा" एवढंच विचारलं. नंतर त्याचा फोन लागला नाही.

तिने ठरवलं : एकच प्रयत्न. क्लिनिकची नोकरी अर्धवेळ, सकाळी भौतिक आणि रसायन, बायो फक्त उजळणीपुरतं. यादीतून काढलेली तिच्या प्रवर्गाची शेवटची रँक कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. फेब्रुवारीअखेर सरावात तिने ठरवलेला आकडा आला नाही तर परीक्षा देणार, पण पुढच्या वर्षाची तयारी नाही. मग डेंटल लॅबचं काम शिकणार, तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. खाजगी सीट लागली तर घरातून जास्तीत जास्त किती द्यायचे, तो आकडा काकाजींनी स्वतःच्या हाताने लिहिला. निवृत्तीच्या पैशातला अर्धा भाग त्यांनी आधीच बाजूला काढला, त्याला हात लावायचा नाही.

होईल की नाही, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. पण आता तिला काय पणाला लावलंय ते आकड्यात माहीत आहे, आणि त्या दिवशी माझ्या काउंटरवर आली तेव्हा ते माहीत नव्हतं.

तुमचा होमवर्क

या रविवारी तीनच गोष्टी करा. बारावीची मार्कशीट काढून तीन विषयांची बेरीज. सीईटी सेलच्या यादीतून तुमच्या प्रवर्गाची शेवटची रँक. आणि दुपारी दोन ते पाच एक जुना पेपर. तिन्ही आकडे एका कागदावर लिहा, मग घरच्यांशी बोला. कोणी सीट "करून देतो" म्हणालं, तर त्याला एकच विचारा : कोणत्या फेरीत, कोणत्या यादीत? उत्तर नसेल तर पाकीट खिशातच ठेवा.

शंका असतील तर व्हिडिओखाली लिहा. प्रवर्ग आणि बारावीचे मार्क लिहिलेत तर उत्तर नेमकं देता येईल. भेटू पुढच्या आठवड्यात. विषय आहे, पहिल्या वर्षी दुकानाचं भाडं किती असावं.